आप्पा, नाना आणि दोन बोटांचा फोकस

दोन म्हातारी माणसं एका रेषेत बसवायला पाऊण दिवस लागतो, ही गोष्ट कॅमेऱ्याच्या कुठल्याही माहितीपुस्तकात छापलेली नाही. मी शोधली. अगदी शेवटच्या पानापर्यंत.

ही दोन्ही माणसं माझ्याच सासरची. एक माझे सासरे, म्हणजे आप्पा, वय वर्षं एकोणऐंशी. दुसरे त्यांचे धाकटे भाऊ नाना, वय शहात्तर. घणसोली गावात दोघांची घरं एकाच भिंतीला टेकून उभी आहेत आणि गेली अकरा वर्षं दोघांत एका शब्दाची देवाणघेवाण नाही. कारण नवी मुंबईतल्या भावाभावांत असतं तेच : साडेबारा टक्क्यांचा भूखंड. शेती शहरात गेली, बदल्यात तुकडा मिळाला, त्याची दोघांत वाटणी झाली. नानांचं म्हणणं, मोजताना आप्पांनी टेप ओढून धरली. आप्पांचं म्हणणं, नानांनी ढिली सोडली. तेव्हापासून नाना घराबाहेर पडताना खिशात एक पोलादी टेप ठेवतात. (देवळात जातानासुद्धा. कोण जाणे, देवाने सरकून बसायला सांगितलं तर!)

एरवी हे असंच चाललं असतं, पण आमच्या मुलाचं लग्न ठरलं. आमच्या आगरी घरात लग्न म्हणजे हळद, आणि हळद म्हणजे नाक्यावर बॅनर. सासूबाईंनी जाहीर केलं, "बॅनरवर दोगा भावांचा एकत्र फोटू पायजे."

"कॉम्प्युटरवर जोडून देतो ना आई," माझा नवरा जगदीश म्हणाला.

"जोडलेला नको. खरा पायजे. दोगं शेजारी बसलेलं!"

भिंतीपलीकडून नानांचा निरोप आला. तो त्यांनी नेहमीप्रमाणे आमच्या दूधवाल्याकडून धाडला : "फोटूत मना नीट दाखवला तर हलदीला येन. मना कोपऱ्यात टाकला तर माज्या घरातलं कुत्रं पन येनार नाय."

हे ऐकून आप्पा आतल्या खोलीतून ओरडले, "त्याला सांगा, कुत्र्याला येऊ दे. कुत्रं चांगलं हाय."

म्हणजे मुलाच्या हळदीला सख्खा चुलतआजोबा येणार की नाही, हे एका फोटोवर ठरणार होतं. अशा वेळी शहाणी सून गप्प बसते. मी म्हणाले, "फोटो मी काढते!"

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी कोपरखैरण्याच्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे आणि मला लहानपणापासून कुठल्याही फटीला डोळा लावल्याशिवाय चैन पडत नाही. कानाच्या डॉक्टरांनी कानात बघायचं यंत्र टेबलावर ठेवलं, तर मी त्यातून डॉक्टरांचाच कान बघून घेतला होता. शाळेची लिफ्ट दुरुस्त होत असताना आत वाकून बघणारी पन्नाशीची बाई संपूर्ण शाळेत एकच. त्यामुळे तुर्भ्याला एका गाळ्यात रेणुका नावाची मुलगी दर शनिवारी रोलच्या जुन्या कॅमेऱ्यांवर फोटोग्राफी शिकवते असं कळल्यावर मी पहिल्याच शनिवारी तिथे हजर होते.

रेणुकाचा कॅमेरा म्हणजे वीटभर जाडीचा ठोकळा. डोळ्याला लावायचा नाही, पोटाशी धरायचा. वरचं झाकण उघडलं की आत एक चौकोनी दुधी काच, आणि समोरचं जग त्या काचेवर उतरलेलं! मी पहिल्यांदा आत वाकले तेव्हा काचेवर रेणुकाचा चहाचा ग्लास होता. बाजूची मूठ फिरवली की ग्लास विरघळायचा, उलटी फिरवली की पुन्हा घट्ट व्हायचा. मी तो ग्लास दहा मिनिटं विरघळवत आणि घट्ट करत बसले. मागे सातजणांची रांग लागली होती, हे मला नंतर समजलं.

तर मी रेणुकाला गळ घातली आणि तिने कॅमेरा, गाळा आणि एक रोल मला दिला. रोलमध्ये फोटो फक्त बारा. "जपून वापरा हां काकू," ती म्हणाली.

मी जपूनच वापरला. आप्पा आणि नाना यायच्या आधी फक्त नऊ काढले. (तीन पंख्याचे, दोन चहाच्या ग्लासाचे, एक माझ्या चपलेचा, आणि तीन जगदीशचे, 'हलू नको' म्हटल्यावर माणूस नेमका किती हलतो हे बघण्यासाठी.) म्हणजे दोन भावांच्या वाट्याला उरले तीन.

दुपारी बारा वाजता दोघे आले. एकाच रिक्षातून, कारण त्यांना आणायला गेलेल्या जगदीशने दुसरी मिळाली नाही असं खोटं सांगितलं. दोघे दोन दारांकडे तोंड करून बसले होते. गाळ्यात शिरल्याबरोबर आप्पांनी डोळ्यावर हात धरला.

"दिवं बंद करा! डोल्याचं आपरेशन झालंय माजं. झगझग सोसत नाय."

आप्पांचा मोतीबिंदू काढून महिना झाला होता. रेणुकाने मोठे दिवे बंद केले. दार उघडं ठेवावं, तर शेजारच्या गाळ्यात मिरची दळायचं काम चालू, म्हणून दारही लावून घेतलं. उरला कोपऱ्यातला एक दिवा, त्यावर पांढरं कापड. गाळ्यात असा काही अंधार झाला, की आप्पांचं पांढरं धोतर तेवढं दिसत होतं, आणि त्याच्या शेजारी नानांचं दुसरं.

"काकू," रेणुका माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "एवढ्या कमी उजेडात लेन्स पूर्ण उघडी ठेवावी लागेल. मग फोकस मिळतो फक्त दोन बोटांचा."

"म्हणजे?"

"म्हणजे कॅमेऱ्यापासून एका ठरावीक अंतरावर दोन बोटं जागा असते. त्यात जे येईल ते स्पष्ट. त्याच्या पुढचं मागचं सगळं धुरकट."

"आणि दोघांपैकी एकजण जरा पुढे बसला तर?"

"तर एक स्पष्ट, एक धुरकट."

मी आणि जगदीशने एकमेकांकडे बघितलं. नाना धुरकट आले, तर नाना हळदीला येणार नाहीत. आप्पा धुरकट आले, तर हळदच होणार नाही.

आम्ही चहावाल्याकडून हातवाल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणून शेजारी मांडल्या. दोघे बसले. मी काचेत वाकले. काचेत काहीच नव्हतं! म्हणजे काहीतरी होतं, पण ते गुळाच्या पाण्यासारखं होतं. त्यात कुठेतरी माझे सासरे होते. मी मूठ या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. गुळाचं पाणी थोडं दाट झालं, पुन्हा पातळ झालं.

"दिसतंय का गं?" जगदीशने विचारलं.

"एक मिशी दिसतेय."

"कोणाची?"

"ते अजून कळलेलं नाही."

रेणुकाने युक्ती सांगितली, की अंधारात फोकस करायला बारीकसा उजेडाचा ठिपका लागतो. तो चेहऱ्यापाशी धरायचा आणि काचेत ठिपका टोकदार दिसेपर्यंत मूठ फिरवायची. जगदीशने मोबाइलची बॅटरी लावताच आप्पा किंचाळले, "डोला! डोला!" मग तिने कोनाड्यातल्या गणपतीपुढच्या उदबत्तीची आठवण करून दिली. तिचं निखाऱ्याचं टोक बारीक, आणि डोळ्याला त्रासही नाही. कल्पना उत्तमच होती. जगदीशने उदबत्ती पेटवली आणि मोठ्या भक्तिभावाने आप्पांच्या तोंडासमोर धरली.

"मी जिता हाय रं अजून!" आप्पा गरजले.

"आप्पा, फोकससाठी आहे ती."

"आज फोकस, उद्या हार घालशील!"

नाना अंधारात खुदकन हसले. आप्पांनी ते ऐकलं आणि मला म्हणाले, "त्याला सांग, हसू नको म्हनावं. तुज्या तोंडापुढं पन आननार हायेत."

मला मात्र काचेत तो लाल ठिपका दिसला होता, आणि मी हरखून गेले होते. मूठ फिरवली की ठिपका फुगून झेंडूएवढा व्हायचा, परत फिरवली की आक्रसून मोहरीएवढा. मोहरी झाली की त्यामागे आप्पांचा डोळा, डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या, एकेक पापणी! इतक्या वर्षांत मी सासऱ्यांच्या पापण्या बघितल्या नव्हत्या. सुना बघत नाहीत. मी बघत राहिले, मोहरीचा झेंडू आणि झेंडूची मोहरी करत राहिले, आणि तोवर उदबत्तीचा धूर नानांच्या नाकात गेला. नानांची शिंक आणि माझ्या बोटाखालचं बटण, दोन्ही एकदमच सुटलं.

पहिला फोटो गेला.

दुसऱ्या वेळी मी काटेकोरपणे वागायचं ठरवलं. काचेत नाना आप्पांना जरा चिकटलेले दिसत होते, म्हणून मी म्हणाले, "नाना, थोडं डावीकडे सरका." नाना खुर्चीसकट सरकले. काचेत मात्र ते आणखीच चिकटले. "अजून डावीकडे नाना." ते अजून सरकले. "अहो डावीकडे!"

"किती सरकू सूनबाय? आता याच्या मांडीवर बसू काय?"

रेणुकाने मला आठवण करून दिली (तिने हे पहिल्याच शनिवारी सांगितलं होतं, तेव्हा मी ग्लास विरघळवत होते), की त्या काचेत डावं उजवं उलटं दिसतं! मी घाईघाईने म्हणाले, "नाना, उजवीकडे! उजवीकडे या!" पण आता नाना हलेनात. ते हलायला गेले की आप्पांची खुर्चीही हलायची. सरकता सरकता एका खुर्चीचा हात दुसऱ्या खुर्चीच्या हाताखाली जाऊन अडकून बसला होता. जगदीशने ओढून बघितलं. रेणुकाने ओढून बघितलं. त्या ओढाओढीत बटणावरचं माझं बोट दाबलं गेलं आणि दुसरा फोटो गेला. (त्यात जगदीशची पाठ आली आहे. पाठ छान आली आहे.)

आता उरला एक फोटो, आणि एकमेकांत अडकलेले दोन भाऊ.

"राहू दे काकू!" रेणुका एकदम म्हणाली. "खुर्च्या अडकल्या ते बरंच झालं. आता दोघे आपोआप एका रेषेत आलेत!"

"कोन बोलतं एका रेषेत?" नाना म्हणाले. "तो पुढं हाय. मना दिसतंय."

"त्याला सांग," आप्पा मला म्हणाले, "मी मोटा हाय. जन्मापासून पुढंच हाय."

नानांनी खिशात हात घातला आणि टेप बाहेर काढली.

ही तीच टेप. नानांनी तिचं टोक कॅमेऱ्याच्या लेन्सपाशी धरायला मला दिलं आणि स्वतःच्या नाकापर्यंत ओढली. अंतर कळलं. मग आप्पांच्या नाकापर्यंत. ते अर्ध्या इंचाने कमी भरलं.

"बगा! पुढं हाय!"

"नाक मोजू नको म्हनावं त्याला!" आप्पा उसळले. "माजं नाक लांब हाय, त्यात माजा काय दोस? डोला मोज म्हनावं."

"डोला तर डोला. पन धरनार कोन?"

प्रश्न बरोबर होता. स्वतःच्या डोळ्यापाशी टेप धरून स्वतःलाच आकडा वाचता येत नाही. मी कॅमेऱ्याला बांधलेली. रेणुका दिव्याचं कापड सावरत होती. जगदीशच्या एका हातात उदबत्ती, दुसऱ्या हातात राखेसाठी बशी. टेपचं दुसरं टोक डोळ्यापाशी नेमकं धरायला मोकळे हात गाळ्यात दोनच होते, आणि ते आप्पांचे होते.

आप्पांनी अंधारात हात लांब केला आणि टेपचं टोक नानांच्या भुवईपाशी धरलं.

"नीट बस बाल्या," ते म्हणाले. "मान हालवू नको."

माझा हात लेन्सपाशी तसाच राहिला. बाळाराम हे नानांचं नाव, आणि बाल्या म्हणणारा माणूस जगात एकच उरला होता. तो अकरा वर्षं दूधवाल्यामार्फत बोलत होता.

"हालत नाय रं दादूस," नाना म्हणाले. "तूच टेप ढिली सोरू नको."

"ढिली कोन सोरतो? तू का मी?"

"आता तूच सोरतोस!"

"मंग तवा पन मीच सोरली असन. बस आता गप."

जगदीशच्या हातातल्या उदबत्तीची राख बशीत पडायची ती त्याच्या पायावर पडली, पण त्याने पायही झटकला नाही. दोघा म्हाताऱ्यांनी आलटून पालटून एकमेकांचे चार डोळे मोजले. डावा, उजवा, पुन्हा डावा. शेवटी दोघांचं एकमत झालं. सगळे डोळे एका अंतरावर. मी काचेत वाकले. उदबत्ती आली, मोहरी झाली, मूठ तिथेच घट्ट धरली, उदबत्ती गेली. मला स्वतःचाच अभिमान वाटला. असा फोकस तुर्भ्यात आजवर कुणी केला नसेल!

"श्वास रोखा," मी म्हणाले. "एक... दोन..."

'तीन'च्या आधी आप्पा हळूच तीन इंच पुढे झुकले. थोरल्या भावाने जरा पुढे असावं म्हणून. त्याच क्षणी नानाही हळूच तीन इंच पुढे झुकले. आप्पा झुकणार हे त्यांना ठाऊक होतं म्हणून. आणि मी काचेत न बघता, समोर त्या दोघांकडे बघत, डोळे पुसत बटण दाबलं.

रोल धुऊन यायला आठवडा लागला. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. ऑफिसात दोन दाखल्यांवर मुलांची नावं घालायच्या जागी बापांची घातली. शनिवारी रेणुकाचा फोन आला.

"काकू, शेवटचा फोटो आलाय."

"स्पष्ट आहे?"

"खुर्च्या अप्रतिम आल्यात."

खरंच अप्रतिम आल्या होत्या. खुर्चीच्या पाठीवरची जाळी, तिच्या एका भोकात अडकलेला दोरा, कडेला खरवडलेलं चहावाल्याचं नाव, सगळं वाचता येत होतं. आणि त्या खुर्च्यांपुढे धुक्यात दोन पांढरे ढग. एका ढगाला मिशी होती. दुसऱ्यालाही होती.

मी फोटो पदराखाली लपवून घरी आणला. पण सासूबाईंपासून आमच्या घरात काहीही लपत नाही. त्यांनी तो आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी खिडकीपाशी नेऊन बघितला, लांब धरून बघितला, चष्मा काढून बघितला. मग भिंतीवर थाप मारली. भिंतीवर! अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"बाल्या! ये रं इकडं."

नाना आले. चपला दारात काढून, थेट आत. दोघांनी फोटोवर डोकी वाकवली. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून मनातल्या मनात मंडपवाल्याला रद्दचा फोन करत होते.

"यात मी कोन आन तू कोन?" नानांनी विचारलं.

"कलत नाय."

"म्हंजी तू माज्यापेक्षा चांगला दिसत नाय."

"आन तू माज्यापेक्षा नाय."

नानांनी खिशातून टेप काढून फोटोतल्या दोन ढगांची रुंदी मोजली. समान भरली. त्यांनी आप्पांकडे बघून मान हलवली.

"न्याव झाला दादूस," ते म्हणाले. "कुनी कुनाच्या पुढं नाय."

बॅनर लागला. नाक्यावर दहा फूट उंचीचे दोन ढग, खाली दोघांची नावं. हळदीला नाना सहकुटुंब आले. कुत्रंही आलं. रात्री बॅन्जो वाजायला लागल्यावर दोघे भाऊ एकमेकांचे खांदे धरून नाचले, आणि सासूबाई मला म्हणाल्या, "वैशाली, फोटू काय काढलास गं!" त्यांनी आयुष्यात माझं कौतुक केलं ते तेवढंच, आणि तेही मी चुकले म्हणून.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण बॅनर नाक्यावर होता, आणि गावात न बोलणारे भाऊ काय थोडे आहेत! पुढच्याच आठवड्यात दिघ्याहून एक बाई आल्या. त्यांचे तीन दीर, पहिल्या दोघांत जेमतेम बोलणं, तिसऱ्याशी तर बंदच. "ताई, तुमच्या सासऱ्यांचा काढला तसाच काढा," त्या म्हणाल्या. "तसाच. धुरकट."

मी मोठ्या उत्साहाने हो म्हणाले. पण तोवर रेणुकाने माझ्याकडून दर शनिवारी फोकस गिरवून घेतला होता आणि माझा हात बसला होता. दिघ्याच्या त्या तिघांवर मी चार रोल संपवले. मुद्दाम चुकवायला गेले, तरी कुणीतरी एक भाऊ फोकसमध्ये यायचाच. शेवटच्या रोलमध्ये तर मधला इतका ठसठशीत आला, इतका सुरेख, की पापणी न् पापणी मोजून घ्यावी. फोटो बघून जेमतेम बोलणारे ते पहिले दोघेही एकमेकांशी बोलेनासे झाले.